माझ्याच फोनवरून मागवलं म्हणून खातं बंद

बायांनो, आज सकाळी माझं लिंकचं खातं बंद झालं. माझ्या लिंकवरून कुणी कुकर, गाऊन घेतला की ऑनलाइन सामान विकणारी कंपनी मला कमिशन द्यायची. आता नियम बदललाय. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच्याच फोनवर मागवायचं नाय.

मी तर तेच करत होते. शेजारची शांता म्हणायची, "मावशी, मला फोन दाबता येत नाय, तुम्हीच मागवा." निम्म्या गल्लीचं सामान माझ्या दारात उतरायचं.

सून म्हणाली, "आई, नियमाचा मेसेज मागंच आला होता."

म्हटलं, "इंग्रजीत होता. तू वाचून दाखवला का?"

राग नाय आला, रडूही नाय. बसून मेथी निवडली.

दुसऱ्या कंपनीत नाव घालता येईल. पण माझी लिंक तुमच्या फोनवर उघडून तुम्हीच बोट दाबायचं. शिकता का? नाय म्हणायचं तर आजच म्हणा, मी हे सोडून देते.