मी वाचून दाखवलेला कागद

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. मुलगी हल्ली माहेरी का येत नाही, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, दुकान असतं तिचं, सुट्टी मिळत नाही. वज्रेश्वरीला देवळाच्या रस्त्यावर तिचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे, तेवढं खरं. बाकी खोटं. ती येत नाही, कारण मी तिला फसवलं. आता माझी पंचाहत्तरी उलटली. गावात अजून लोक म्हणतात, मुलीसाठी याच्यासारखं कोणी केलं नाही. ते ऐकून गप्प बसणं मला जमेनासं झालं आहे.

लोक म्हणतात त्याला कारण आहे. मुलगी तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं. काल ओळखलेला शब्द आज तिला अनोळखी वाटायचा. वर्गात वाचायची पाळी आली की ती ओठ मिटून उभी राहायची. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, "हिला शेतावर न्या. इथं उगाच बाक अडतो." मी निजामपुऱ्यात लूमच्या कारखान्यात कापड तपासायचो. आठ तास ताग्यांमधले दोष शोधायचे आणि घरी येऊन पोरीचे. पट्टीने बोटांवर मारलंय मी तिला. तिची आई मध्ये पडायची, तिलाही बोललोय.

एका संध्याकाळी मी बायकोला पेपरातली एक लांबलचक बातमी वाचून दाखवली. विहिरीत पडलेल्या बिबट्याची. दुसऱ्या दिवशी ओट्यावर जमलेल्या बायांना पोरगी तीच बातमी सांगत होती. माणसांची नावं, गावं, दोर किती फूट होता, सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी दारात उभा राहून ऐकलं आणि मला लाज वाटली.

त्या दिवसापासून ड्युटीवरून आलो की मी तिला पुस्तकं वाचून दाखवायला लागलो. इतिहास, भूगोल, मराठीचे धडे. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकायची. मी दमलेला असलो की एखादा परिच्छेद गाळायचो. ती लगेच मान वर करायची.

"बाबा, मधलं काय झालं?"

"काय झालं?"

"राजा आत्ता तर किल्ल्यात होता. लगेच जंगलात कसा गेला? उडून?"

मग मला मागे जावं लागायचं.

ती आठवीत असताना शाळेत नवीन बाई आल्या. त्यांनी आम्हाला मुंबईला एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे मी डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरीण म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, वाचण्यापुरती अडचण आहे, जन्मापासूनची आहे, यात कोणाचा दोष नाही. परतताना एसटीत मुलीने विचारलं, "म्हणजे मी ढ न्हाय?"

"न्हाय."

"मग तुम्ही मारलंत ते?"

"आता न्हाय मारणार," मी म्हणालो. चुकलो, असं म्हणालो नाही. तेव्हाही.

बाईंच्या खटपटीने तिला परीक्षेला लेखनिक मिळाला आणि ती दहावी झाली. मी गावभर पेढे वाटले. पुढे तिचं लग्न झालं, दुकान झालं. तरी कुठलाही कागद आला की ती माझ्याकडे घेऊन यायची. बँकेचा असो, शाळेचा असो, औषधाची चिठ्ठी असो. नवरा वाचून द्यायला तयार असे, पण ती त्याला म्हणायची, "तुम्ही घाईत वाचता. बाबा नीट वाचतात."

तोवर आमच्या वडपे गावाचं रूप पालटलं होतं. हायवेला लागून गोदामांवर गोदामं उभी राहिली. आमची वाडवडिलांची भाताची जमीनही रस्त्याला लागूनच. मुलाने, म्हणजे तिच्या दादाने, गोदाम बांधणारी एक पार्टी आणली. पार्टी म्हणाली, बहिणीचा हक्क सुटल्याशिवाय पुढे बोलणं नाही. आमच्याकडे हे घरोघरी चालतं. बहिणीला साडीचोळी करतात, ऑफिसात नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात. काही बहिणी भांडतात. आपली भांडेल, अशी मुलाला भीती होती.

"तिला सांगायचंच कशाला?" तो म्हणाला. "गोदामाला संमती पाहिजे, एवढंच सांगू. ती काय वाचणार हाय? तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे झालं."

मी रागावलो. खरंच रागावलो. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गोदाम उभं राहिलं की एक गाळा तिच्या नावावर करतो. मग तर झालं?" मला हो म्हणायला एवढंच कारण हवं होतं. म्हातारपण त्याच्याच घरात काढायचं होतं, हेही मनात होतं. ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

नोंदणी कार्यालयाबाहेर, बाकड्यावर, मी तिला कागद वाचून दाखवला. ज्या ओळीत हक्क कायमचा सोडल्याचं लिहिलं होतं, तिथे मी 'संमती देत आहे' असं वाचलं. अडखळलो नाही. पुढच्या दोन ओळी मनाने रचल्या. गाळ्याचं आश्वासनही त्यातच घातलं, जणू तेही टाइप केलेलं होतं.

ती हसून म्हणाली, "मधलं काही गाळलं न्हाय ना?"

"न्हाय गं बाय."

आत साहेबांनी विचारलं, कागद वाचला का, समजला का? ती म्हणाली, "बाबांनी वाचून दाखवलाय." आणि गिरवून गिरवून बसवलेली तिची सही तिने सावकाश केली.

गोदाम झालं. भाडं सुरू झालं. गाळ्याचं नाव निघेना. मी मुलाला आठवण करून दिली तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मी असं कधी बोललो? लिहून दिलंय का कुठं?" मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटलं. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? त्याने मला फसवलं ते मी तिला फसवल्यानंतर.

गौरीच्या सणाला मुलगी माहेरी आली. जेवणं झाल्यावर तिने भावाला गाळ्याचं विचारलं. तो म्हणाला, "हक्क सोडून मोकळी झालीस ना? आता कसला गाळा?" तिने उठून कपाटातून कागदाची प्रत काढली, माझ्यासमोर जमिनीवर पसरली आणि मोबाइलने फोटो काढला. आता फोन कागद वाचून दाखवतो. तिच्या मुलीने तिला शिकवलं होतं. फोनमधली बाई एका सुरात वाचू लागली. सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हिस्सा व हक्क मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा सोडून देत आहे.

मुलीने ते पुन्हा लावलं. दोनदा. मुलगा उठून बाहेर गेला.

"दादाचं सोडा," ती मला म्हणाली. "तो लहानपणापासून तसाच हाय. तुम्ही का, बाबा?"

मी म्हणालो, पार्टी घाई करत होती. मी म्हणालो, मला वाटलं तुला गाळा मिळेल. ती ऐकत राहिली. मग कागदाची घडी घातली आणि पिशवी उचलून एसटी पकडायला निघाली.

चार महिन्यांनी मी वज्रेश्वरीला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिने मला स्टूल दिलं, चहा मागवला. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "बाय, तुला काही सांगायचंय."

"तोंडी नको," ती म्हणाली. "लेखी द्या. मी घेईन कोणाकडून तरी वाचून."

आवाज चढवला नाही. नारळ रचत होती, ते रचत राहिली. मी चहा संपवून परत आलो.

त्यानंतर किती पत्रं लिहिली, फाडली. प्रत्येकात पार्टी यायची, मुलगा यायचा, माझं म्हातारपण यायचं. हे सगळं ती दुसऱ्याच्या आवाजात ऐकणार, या विचाराने मी पुढचं लिहीतच नसे. शेवटी एक कागद उरला. त्यात चारच ओळी आहेत. तो अजून माझ्याकडेच आहे.

बाय, त्या कागदात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. मी तुला मुद्दाम दुसरं वाचून दाखवलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, त्यात तुझी काही चूक नव्हती. माझं चुकलं, मला माफ कर.