आडनावाच्या गावाला

आमच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे आणि त्याआधी एका गावाचं नाव आहे. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं, की त्याच आडनावाचं कुणीतरी माझा पत्ता शोधून काढणार आणि विचारणार, “तुमचं गावाकडे कुणी आहे का हो?” या प्रश्नाचा मी धसका घेतला आहे. तो का घेतला, ते सांगते.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टाइम ऑफिसात कारकून होते. कोण कोणत्या पाळीला आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे हजेरीच्या रजिस्टरात लिहायचं त्यांचं काम. नवा कामगार नाव नोंदवायला आला की ते आधी विचारत, “मूल गाव कौनसा है, भिया?” रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. बाबा गावाचं नाव समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवत. हेड क्लार्क यावरून त्यांच्यावर डाफरायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं असे: “साहेब, माणूस गायब झाला तर कुठे गेला हे मालूम नको?” यात तथ्यही होतं. लग्नसराईत मागावरचं अख्खं साळखातं, म्हणजे विणकामाचं खातं, ओस पडलं की कुठल्या गावची माणसं किती दिवसांनी परततील, हे ऑफिसात फक्त बाबा सांगू शकत.

आम्ही स्वतः कुठले, याचं उत्तर बाबांच्या ओठांवर असे. खापरपणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून आले, घोड्यांच्या पागेवर कारकून होते, मग इथलेच झाले. ज्यांच्या राज्यात आलो, त्या राजघराण्याचं आडनावही म्हणे एका एवढ्याशा खेड्यावरून आलेलं. “ते राजे झाले, आपण कारकून राहिलो, पण तरीका एकच,” असं बाबा हसून सांगत. त्यानंतरच्या पिढ्यांमधलं कुणीही त्या गावाला परत गेलं नव्हतं. गाव साताऱ्याच्या पलीकडे नदीकाठी आहे, एवढंच घरात माहीत होतं.

मिल बंद पडली ती एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग दुपारची गेली, मग फाटकावर नोटीस लागली. आईने तोवर आयुष्यभर मिलच्या भोंग्यावर स्वयंपाक केला होता. ती आता पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाला नेमाने चावी द्यायला लागली. बाहेर म्हणे नवा जमाना सुरू झाला होता. मिलच्या समोरच तिथल्याच एका विणकराने एसटीडीचा बूथ टाकला, चौकात परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागल्या, आणि आमचे बाबा रोज सकाळी शर्ट-पँट चढवून बंद फाटकापर्यंत जाऊन परत येत. पुढे तेही थांबलं. मग त्यांनी दाढी करणं सोडलं, दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी तेव्हा कॉलेजात होते. वडिलांचे पांढरे खुंट पाहून मला रडू यायचं आणि रागही यायचा.

आम्ही मिलच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि दिवाळीपर्यंत ती सोडायची होती. माझ्या मामाने इंदुरातल्याच लालबागच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाकडे दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. विकतच्या, स्वतःच्या. वर पत्रा, पण पुढे तुळशीपुरती जागा. आईने त्या खोल्या एकदाच पाहिल्या आणि कोणती फळी कुठे ठोकायची, हेही ठरवून टाकलं. मामाच्या शब्दाखातर तो माणूस दसऱ्यापर्यंत थांबणार होता. बाबा हो म्हणाले असते तर आमचं घर झालं असतं.

नेमक्या त्याच दिवसांत मिलच्या टेलिफोनच्या खोलीतलं सामान बाहेर काढलं. त्यात निरनिराळ्या शहरांच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या होत्या. बाबा त्या सायकलच्या कॅरियरला बांधून घरी घेऊन आले. आई म्हणाली, “रद्दी घरात आणून राहिले तुम्ही? लोक बाहेर काढून राहिले!” बाबा जमिनीवर बसले आणि प्रत्येक डिरेक्टरीत आमचं आडनाव शोधायला लागले.

आठवड्याभरात भिंतीवर देशाचा शाळेतला नकाशा आला. आमच्या आडनावाचा माणूस जिथे सापडेल, तिथे बाबा लाल पेन्सिलीने ठिपका देत. पुण्या-मुंबईत ठिपक्यांची गर्दी झाली. बडोद्यात पाच, ग्वाल्हेरला चार, नागपूर, सागर, झाशी, आणि खाली थेट तंजावरलासुद्धा एक. मराठी फौजा, दफ्तरं आणि रेल्वे जिथे जिथे गेल्या, तिथे तिथे आम्ही पोचलो होतो. फक्त साताऱ्यापलीकडचं ते नदीकाठचं गाव कोरं राहिलं. बाबांनी त्याचा अर्थ लावून टाकला, “तिथे अजून टेलिफोन नाही पोचला, बेटा. पण असली माणसं तर तिथेच असणार!” मलाही ते पटलं. आम्ही दोघं शिकलेली माणसं, तरी आम्हाला पटलं.

मग पत्रं सुरू झाली. माझं अक्षर चांगलं, म्हणून बाबा सांगत आणि मी लिहायची. ‘आपण एकाच गावचे, तेव्हा एकाच रक्ताचे असावे, गावी कोण आहे ते कळवावे.’ पाठवलेल्या कार्डांपैकी बऱ्याच कार्डांना उत्तर आलं नाही. जी उत्तरं आली, ती वाचून हसावं की डोकं आपटावं, कळेना. बडोद्याच्या गृहस्थांनी लिहिलं, गावी आमचं कुणी नाही, तुमचं असल्यास कळवावे. सागरच्या बाईंनीही तेच. झाशीचे आजोबा तर आमच्यावरच खूश झाले, कारण त्यांना वाटलं आम्ही गावाहूनच लिहितोय! सगळे एकमेकांना तोच एक प्रश्न विचारत होते. पण बाबा पुन्हा दाढी करायला लागले होते. पोस्टमनच्या वेळेला ते क्वार्टरच्या फाटकाशी उभे राहत, आणि हातात काही नसलं तरी शीळ घालत परत येत. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

त्यांनी शेवटचं पत्र त्या गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना घातलं. त्यात एक ओळ जास्त होती: मी गावी येऊन कायमचा राहू इच्छितो, आपल्या घराण्यातल्या कुणाशी गाठ घालून द्यावी.

उत्तर आलं तेव्हा बाबा रेशनच्या लायनीत होते. अंतर्देशीय मी फोडलं. मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की या गावात आपल्या आडनावाचं एकही घर नाही आणि पूर्वीही नसावं. आपल्यासारखे बरेच लोक विचारतात. येण्याची तसदी घेऊ नये. खाली सही, हुद्दा आणि शाळेचा शिक्का.

मी ते पत्र कॉलेजच्या वहीत घातलं. दोन दिवसांनी सांगू, असं मनाशी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. पुन्हा ते खुंट, पुन्हा ते भिंतीकडे तोंड करून पडणं. दोन दिवसांचे आठ दिवस झाले.

दसरा जवळ आला तसा मामा घरी आला. बाबांनी त्याला नकाशा दाखवला आणि शांतपणे सांगितलं, “खोल्या राहू दे. ज्याला हव्या त्याला देऊन टाक. आम्ही गावी जाणार.”

“अहो, गावी कोण बसलंय आपलं?” आई म्हणाली.

“आपली माणसं असतील की. आपलं नावच तिथलं आहे!”

“नाव असेल. छत कुठाय?” आईचा आवाज फाटला. “मी कधी काही मागितलं का तुमच्याकडे? या दोन खोल्या द्या मला.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. तू तरी बोल, अशी ती नजर होती. वही माझ्या मांडीवर होती आणि पत्र वहीत होतं. मी उठून मामासाठी चहा टाकायला गेले. आयुष्यात इतका भेकडपणा मी पुन्हा केलेला नाही.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं गावाला निघालो. आधी पाहून येऊ, मग आईला नेऊ, असं बाबांचं ठरलं होतं. इंदूरहून पुणे, पुण्याहून सातारा, आणि तिथून एसटी. बाबांनी ठेवणीतला कोट घातला होता. फाट्यावर उतरल्यावर त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, “भिया, इथे मंदिर कुठे पडेल?” तो म्हणाला, “सीधा जाओ चाचा, आगे वड का पेड है, बाजू में मंदिर.” आम्हाला इंदुरात जन्मभर लोक दक्षिणी म्हणत आले, आणि इथे पाऊल ठेवताच आम्ही हिंदीवाले झालो. बाबांना ते लागलं नाही. ते इतके आनंदात होते की बहुतेक त्यांच्या कानावरच पडलं नाही.

देऊळ जुनं होतं, फरशी नवी होती. देणगी देणाऱ्यांची नावं फरशीत कोरायची पद्धत असते, तशी तिथेही होती. पहिल्याच फरशीवर आमचं आडनाव. पुढच्या फरशीवर तेच. गाभाऱ्यापर्यंत सात-आठ वेळा. बाबांनी माझा हात घट्ट धरला. “बघ! बघ, बेटा! मी काय म्हणत होतो!” ते गुडघ्यांवर बसले आणि बोटाने एकेक अक्षर गिरवायला लागले. मला वाटलं, मास्तरच चुकले असावेत. क्षणभर मला देवच पावला.

मग बाबांनी नावाखालची बारीक अक्षरं वाचली. बडोदे. ग्वाल्हेर. पुणे. झाशी. पुन्हा पुणे. त्या गावचं असं कुणीच नव्हतं.

पुजाऱ्याने शाळेतून हेडमास्तरांना बोलावून घेतलं. साधा, भला माणूस. त्यांनी बाबांना कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. “आता असं बघा,” ते म्हणाले, “गावात कोण कुणाला गावाच्या नावानं हाक मारतो काय? इथं सगळेच इथले. कुणी पाटील, कुणी कुलकर्णी, कुणी सुतार. जो गाव सोडून गेला, त्याला परक्या मुलखातल्या लोकांनी हे नाव दिलं. म्हणून तुमचं आडनाव सगळीकडं मिळंल, इथं तेवढं नाही मिळायचं.”

“मग इथे होतो तेव्हा आम्ही कोण होतो?” बाबांनी विचारलं.

“ते कसं सांगणार? जुनी दफ्तरं पुरात गेली. दरवर्षी दोघं-चौघं येतात तुमच्यासारखी. देवळाला काहीतरी देतात आणि जातात.” मग त्यांना आठवलं. “पण मी तर तुमच्या पत्राला उत्तर टाकलं होतं. येऊ नका म्हणून लिहिलेलं. मिळालं नाही का?”

बाबांनी माझ्याकडे मान वळवली नाही. ते देवळाच्या भिंतीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, “मिळालं होतं. वेळेवर मिळालं. म्हटलं, तरी एकदा पाहून यावं.”

परतीच्या प्रवासात ते कमी बोलले, पण जे बोलले ते नेहमीसारखं. भूक लागली का, खिडकी लावू का, शाल घे. मी सांगायला तोंड उघडलं की ते काहीतरी दुसरंच बोलायला लागत. इंदूरला पोचल्यावर त्यांनी आईला सांगितलं, “गावात काही राहिलं नाही. माझाच अंदाज चुकला.” आईने बरं म्हटलं आणि सामान बांधायला घेतलं. लालबागकडच्या खोल्या दसऱ्यालाच दुसऱ्याच्या झाल्या होत्या.

त्यानंतर आम्ही परदेशीपुऱ्यात भाड्याने राहिलो, मग नंदानगरात, मग आणखी कुठे कुठे. बाबा एका किराणा दुकानात हिशेब लिहायला जात. मला पुण्यात नोकरी लागली. आई-बाबांना माझ्याकडे या म्हटलं तर आई म्हणे, “आता अजून एक गाव नको.”

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर रजा घेऊन गेले होते. एका दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र कधी आलं, कुठे ठेवलं, का ठेवलं. तुम्ही पुन्हा दाढी करायला लागला होतात म्हणून, हेसुद्धा. बाबांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ दे, बेटा.

ते म्हणाले, “मी तर तरीही गेलो असतो. पण मालूम असतं, तर तुझ्या आईला खोल्या घेऊ दिल्या असत्या.”

पलीकडे आई घरमालकिणीशी पाण्याच्या वेळेवरून हुज्जत घालत होती. त्यानंतरही तिने आणखी दोन घरं बदलली आणि भाड्याच्याच घरात ती गेली. तिला मी हे कधीच सांगितलं नाही. दसऱ्याच्या आधी तिने मागितलेल्या त्या दोन खोल्या बाबांनी नाकारल्या, असंच ती शेवटपर्यंत समजून होती. त्या मी घालवल्या होत्या.