आडनावासकट सही

"आडनाव कुठलं आणि बापाचं नाव कुठलं, एवढंही कळत नाही तुम्हा लोकांना?"

डॉक्टर हे पुण्याहून आलेल्या मित्रासमोर बोलले. मित्र हसून म्हणाला, "कोट्यातली दिसते." खासगी दवाखान्यात कसला कोटा? पण दोघं हसले. मी कॉम्प्युटरपाशी उभी होते. मान खाली.

नव्वदच्या दशकाची अखेर. दवाखाना बारामतीत, मी इंदापूरहून एसटीने यायचे. नोकरी देताना डॉक्टरांनी आधी आडनाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते. त्यानंतर दोन वर्षं नावाने हाक नाही. "ए टायपिंग."

ऊसतोडणीतल्या सर्पदंशावर ते एका वैद्यकीय मासिकासाठी लेख लिहीत होते. केसपेपर मी काढले, तक्ते मी केले. लेखाशेवटी संदर्भांची यादी लागते. ती लावणारं सॉफ्टवेअर त्यांनी फ्लॉपीवर आणलं. पुस्तिका वाचून मी शिकले. मधे एक संदर्भ घातला की पुढचे आकडे आपोआप बदलायचे. मला ते काम आवडायचं.

संदर्भांतल्या लेखकांची नावं डॉक्टरांनीच लिहून दिली होती, शाळेच्या हजेरीसारखी. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. मधे एकही स्वल्पविराम नाही. मी तशीच भरली. स्वल्पविराम नसला की ते सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं, हे मला ठाऊक नव्हतं. जोशी माधव केशव यांचे 'केशव जे. एम.' झाले. सगळेच लेखक आपापल्या बापाच्या नावाने लागले. मासिकाने लेख परत पाठवला; त्याच दिवशी तो मित्र आला होता.

"सर, दुरुस्त करते," मी म्हणाले. माफी मागितली. दुसरं काय करणार? घरात कमावती मी एकटी.

तेवढ्यावर भागलं नाही. मासिकाला पत्र टाईप करायला लावलं. चूक टायपिस्टची, तिला समज दिली आहे. खाली सही माझी.

"पूर्ण नाव लिही. आडनावासकट. कळू दे त्यांना."

लेखात आभाराच्या ओळीतही मी नव्हते. एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "मग ड्रायव्हरचंही घालू का?"

आयाकाम करणाऱ्या मावशी दारात होत्या. हळूच म्हणाल्या, "कर की गं. कागूदच हाय."

"तुमी केली असती, मावशी?"

"मला कुठं लिवता येतंय? तितंच सुटले मी."

मला येत होतं. पेन हातात होतं. भीती होतीच. मी पेन टेबलावर ठेवलं.

"सही करणार नाही."

"मग उद्या येऊ नकोस."

"नाही येत."

पुढे बरेच महिने काम मिळालं नाही. धाकट्या बहिणीची शाळा सुटली, ती कायमची. डॉक्टरांचा लेख छापून आला. तक्ते माझेच, जसेच्या तसे. मी काहीही करू शकले नाही.

आता कुठलंही काम घेण्याआधी विचारते, काम झाल्यावर माझं नाव कुठं येणार? कुठंच येणार नसेल, तर तुमच्या चुकीखालीही ते मिळणार नाही, हे काम देणाऱ्याच्या समोरच्या खुर्चीत बसून सांगते. बऱ्याचदा काम जातं. जाऊ दे.