तिरुत्तणीच्या पुढे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पायांना मलम लावत तीच बसली होती.

मी मूळचा साताऱ्याचा. वीस वर्षं चेन्नईत, वेस्ट मांबलमला राहतो. गिंडीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पंचेचाळिशी आली तेव्हा शरीर म्हणजे इकडून तिकडे नेऊन ठेवायचं सामान झालं होतं. गाडीतून लिफ्टमध्ये, लिफ्टमधून एसीत. "पाय विकून टाका, नाहीतरी वापरात नाहीत," बायको म्हणायची. मग ठरवलं — आपणहून त्रास घ्यायचा. पुरट्टासी या तमिळ महिन्यात इथले लोक पिवळी वस्त्रं नेसून अनवाणी तिरुपतीला चालत जातात. मला नवस नव्हता, भक्तीही बेताचीच. मी किती टिकतो, एवढंच बघायचं होतं.

पहिले दोन दिवस... तेवढे तरी खरे होते. रस्त्याकडेला पानावर कुणीतरी वाढलेला चिंचभात तसा पुन्हा कधी लागला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाटेतलं तिरुत्तणी गाव सोडलं. डांबर तापलेलं, टाचेचा फोड फुटला. सोबतच्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश. ते वळणाआड गेले — आणि मी बसला हात केला. खिडकीशी बसलो. शेवटचा डोंगर मात्र पायऱ्यांनी चढलो. कशासाठी? थोडं तरी खरं उरावं म्हणून? नाही. फोटोसाठी.

ऑफिसात सगळे भोवती जमले. त्यात गोपाळराव होते, आमचं स्टोअर सांभाळणारे. तंजावरकडचे मराठी, वयानं मोठे, तरी मला 'सार' म्हणत. कातडी निघाली तेव्हा काय केलंत, त्यांनी विचारलं. चालत राहिलो, मी म्हणालो. वर हेही — "शरीर थांबत नाही, राव. मन थांबतं."

त्यांना मधुमेह होता. मला ठाऊक होतं. रोज बिनसाखरेची कॉफी सांगायचे, बाकीचे चिडवायचे की राव आधीच गोड आहेत. मला ठाऊक होतं — हे मुद्दाम दोनदा लिहितो.

पुढच्या वर्षी ते निघाले. त्यांच्या बायकोचा मला फोन आला. हे ऐकत नाहीत, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. खरं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, काळजी करू नका वहिनी, मी करून आलोय ना.

तिरुत्तणीच्या पुढे त्यांच्या टाचेला जखम झाली. तरी ते दीड दिवस चालले. मग तापानं रस्त्यातच पडले. डावा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

भेटायला गेलो, तर पलंगावर सावरून बसले आणि माझीच माफी मागितली. "सार, तुम्ही पुरं केलंत. माझंच मन थांबलं."

आणि मी काय केलं? खांद्यावर हात ठेवला. होतं असं, म्हणालो.

याला सहा वर्षं झाली. ते मांबलम स्टेशनच्या पलीकडे राहतात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. आल्यागेल्याला माझं कौतुक सांगतात. स्वतःला कच्चा म्हणतात.

तिरुत्तणीच्या पुढचा रस्ता मी चाललोच नव्हतो. ते माझ्यापेक्षा दीड दिवस जास्त चालले. हे त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.