मॉसीचा पांढरा रंग

मॉसी हेफरननने जन्मभर एकच रंग मनापासून लावला म्हणा ना. पांढरा. गावाबाहेरच्या छावणीत तो रंगारी होता. आयर्लंडची फौज ती केवढीशी, आणि काम काय, तर परमुलखात शांतिसेना म्हणून दोन भांडखोरांच्या मधे उभं राहायचं! गाडी तिकडे निघाली की मॉसी ती पांढरी करायचा, परत आली की हिरवी. "पांढरी गाडी बघून कुणी दार लावून घेत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पबमधली मंडळी वैतागून म्हणायची, "झालं, मॉसीचं कीर्तन सुरू!"

म्हणूनच फौजेने हल्ल्याची हेलिकॉप्टरं विकत घ्यावीत का, असा वाद पेटला, तेव्हा विरोध समितीची अध्यक्ष बर्नी कॉलरी आधी मॉसीच्याच दारात आली, आणि सभेत बोलायचं त्याने कबूल केलं. त्याची स्वतःची मुलगी डर्व्हला शांतिसेनेत, वाळवंटातल्या एका चौकीवर रेडिओ सांभाळत होती. फोनवर तिच्या तोंडी सारखी हलिमा. ही चौकीसमोर राहणारी म्हातारी रोज गरम रोटी आणून द्यायची आणि बदल्यात आयरिश चहा न्यायची. "बाबा, मम्मीच्या ब्रेडपेक्षा भारी! पण तिला सांगू नकोस हं."

मग बंडखोरांनी चौकीला वेढा घातला. पोरं बंकरमध्ये, वर तोफगोळे, फोन बंद. मॉसी फोनपाशी बसून राहिला. बायको नोरीन खिडकीतून हलेना. छावणीच्या गावात वाईट बातमी कशी येते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: एक अधिकारी आणि एक पाद्री, गाडीतून. रस्त्यावर कुठलीही गाडी थांबली की कोण उतरतंय ते दोघं पडद्याआडून बघायचे.

त्यातच, डर्व्हलालाही आधीच सांगून ठेवलेली ती समितीची सभा आली.

"जा की," नोरीन म्हणाली. "पांढऱ्या रंगाने तोफगोळा अडतो म्हणून सांग लोकांना! पोरीच्या डोक्यात तूच भरवलंस ना हे सगळं?"

मॉसीने कोट चढवला. चर्चच्या हॉलमध्ये चहाची किटली उकळत होती, सँडविचं मांडलेली होती. बर्नीने त्याचा हात दाबला आणि त्याला पुढे केलं. मॉसी उभा राहिला.

"घ्या," तो म्हणाला. "हेलिकॉप्टरं घ्या. माझं घर विका आणि घ्या!"

"मॉसी, अरे काय बोलतोयस?" बर्नी पांढरीफटक पडली.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आज ठरवलं तरी यायला वर्षं लागतील, मॉसी."

"मग दुसऱ्यांची मागा! पाय धरा कुणाचे तरी! माझी पोर मरतेय तिकडे आणि तुम्ही सँडविच काय खाताय?" एवढा धिप्पाड माणूस, सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. टाळ्या नाहीत, काही नाही. बर्नीनेच त्याला घरी पोचवलं.

सकाळी फोन वाजला. डर्व्हला! दुसऱ्या एका देशाची हेलिकॉप्टरं धावून आली होती आणि वेढा फुटला होता. नोरीन तिथेच जमिनीवर बसून देवाचे आभार मानू लागली.

"बाळा, लागलंय का गं कुठे?"

"नाही. आपली सगळी पोरं वाचली." तिचा आवाज कोरडा होता. "काल सभेत काय बोललास, बाबा?"

मॉसी लेकीशी कधी खोटं बोलला नव्हता. "घ्या म्हणालो. हेलिकॉप्टरं घ्या म्हणालो."



"बंडखोरांची तोफ हलिमाच्या घरामागे होती," डर्व्हला म्हणाली. "ती कुठे आहे ते हेलिकॉप्टरांना रेडिओवर मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? हलिमा आत होती, बाबा. तिची सून होती. मला माहीत होतं. आता ते घरच नाही."

नोरीन फोनसाठी हात पुढे करत होती. मॉसीने दिला नाही.

"तिने आम्हाला बघून कधीच दार लावलं नाही. कालसुद्धा नाही. तू म्हणायचास तस्संच." आता ती रडू लागली. "बाबा, बोल ना काहीतरी."

पोर वाचली याचा आनंद मॉसीच्या छातीत मावत नव्हता, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटत होती.

"घरी ये गं," तो एवढंच म्हणाला. "तू घरी ये."