न धुतलेला स्वेटर

आमच्या दादाची लाँड्री आहे. मी त्याची धाकटी बहीण, काउंटर सांभाळते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. दादा दुकानामागच्या खोलीत एकटाच राहतो, इस्त्रीच्या टेबलावरच ताट ठेवून जेवतो. "माझ्याकडे राहायला ये" म्हणून मी किती डोकं फोडलं! "बघू" म्हणतो. त्याचं बघू म्हणजे नाहीच.

गेल्या वर्षी एक प्रोफेसरबाई तीस पांढरे टी-शर्ट घेऊन आल्या. ते बिनवासाच्या साबणाने धुवायचे, मग पुरुषांनी दोन दिवस घालायचे, आणि बायकांनी हुंगून सांगायचं, कुठला आवडला.

"अगं बाई! कॉलेजात हेही शिकवतात?" मी म्हणाले.

बाई हसल्या. म्हणाल्या, वासावरूनही शरीर जोडीदार निवडत असावं, असा काहींचा अंदाज आहे. दोघांची रोगाशी लढायची ताकद वेगवेगळी असली, तर पोरं धडधाकट निपजतात. शिवाय माणसाचं पोर लवकर पायांवर उभं राहत नाही, एकट्या आईला जड जातं. म्हणून दोघांना एकमेकांची ओढ लागून राहत असावी.

दादा इस्त्री उभी करून ऐकत होता. "आणि पोरं झालीच नाहीत तर?"

"तरी ओढ राहतेच की. ती काय पोरं मोजून येते?"

"कपड्यातला वास किती टिकतो?"

"बंद पिशवीत बरेच दिवस. पण जितक्यांदा उघडाल, तितका उडतो."

मला वाटलं, धंद्याचं विचारतोय. मला मेलीला काय कळणार! वहिनीचा स्वेटर त्याने पिशवीला गाठ मारून कपाटात ठेवला होता. रोज सकाळी हुंगायचा. त्या दिवसापासून फक्त रविवारी. हे सगळं मला नंतर कळलं.

हिवाळ्यात तो तापाने फणफणला. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी त्याची खोली आवरायला घेतली. पिशवी सापडली. स्वेटरचा गळा कळकट. आमच्या घरात मळका कपडा दिसला की हात आधी खिसे चाचपतो आणि मग बादलीकडे वळतो, विचार करायला थांबतंय कोण! धुतला, वाळवला, वाफ दिली. वर माझ्या शहाणपणाचा कळस म्हणजे शेवटच्या पाण्यात सुवासिक औषध घातलं. म्हटलं, दादा खूश होईल.

तो घरी आला तो रविवारच होता. कपाट उघडलं, पिशवी नाही. घडी टेबलावर. त्याने स्वेटर नाकाशी नेला. गळा, बाह्या, काखा, सगळीकडे हुंगलं.

"बघ, कसा नवा कोरा झालाय!" मी म्हणाले.

चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तो म्हणाला, "गळ्याचा डाग छान काढलास," आणि स्वेटरची पुन्हा घडी घातली. मग त्याने हळूहळू सगळं सांगितलं. मला रडू आवरेना. पाणीसुद्धा त्यानेच आणून दिलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

न्यायला कोणीच येत नाही अशा कपड्यांसाठी आमच्या दुकानात वरची एक फळी आहे. सोमवारी तिथे एक नवं पुडकं दिसलं. दादाच्या अक्षरातली पावती टाचलेली: लेडीज स्वेटर, एक. पुढे वहिनीचं नाव. नेण्याची तारीख त्याने कोरी सोडली होती.