कागद नळीखालून जातो का

दगडूकाकांना बंदुकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ मला अजूनही नीट उलगडलेला नाही.

काका आखातात, मुसफ्फाला आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं होते. मूळचे राजापूरकडचे. पठाण फोरमन हमदुल्लानं त्यांची पांढरी दाढी बघून पहिल्याच महिन्यात ‘चाचा’ म्हणायला सुरुवात केली, मग मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते चाचाच झाले. मी तिथे ऑफिसात. टायपिंग, व्हिसाची कागदपत्रं, मॅनेजरची बोलणी खाणं, सगळं माझ्याकडे.

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात मंदीमुळे अल रीम आयलंडवरचे टॉवर अर्धवट थांबले आणि त्यांच्यासाठी केलेली आमची किचनची कपाटं गोडाउनात पडून राहिली. मॅनेजरनं पंचावन्नच्या वरच्या अकरा जणांची व्हिसा कॅन्सल करायची यादी मला टाइप करायला दिली. पाचवं नाव दगडू भिवा मांडवकर. काकांच्या लेकीचं, समिधाचं नर्सिंग अजून दीड वर्ष बाकी होतं, आणि ते शिक्षण याच पगारावर चाललं होतं. मी टाइप केलं. दुसरं काय करणार?

सही घ्यायला गेले, तर आमचे अरबाब, म्हणजे कंपनीचे मालक, निघायच्या घाईत. शिकारीच्या सामानाच्या प्रदर्शनात त्यांना नवी रायफल घ्यायची होती. लाकूड बघायला चाचा पाहिजे, आणि बोलायला तूही चल, यल्ला, लवकर, असं म्हणाले. यादी पर्समध्ये टाकून मी गाडीत बसले. मॅनेजरला ती आजच्या आज हवी होती.

काका पार बावचळले होते. मी कपाटं करणारा माणूस, बंदूक बघून काय सांगू, असं दहादा विचारून झालं. मी म्हटलं, अहो काका, अरबाबना जी आवडेल ती छान म्हणा आणि मोकळे व्हा. माझ्या मनात होतं, अरबाब खूश झाले तर पाचवं नाव खोडतीलही.

अरबाबचं मन आधीच एका रायफलीवर बसलं होतं. अक्रोडाच्या लाकडाचा चकचकीत दस्ता, त्यावर कोरलेलं हरीण, किंमत अठरा हजार दिरहम. “सव्वादोन लाखांच्या वर!” काका माझ्या कानात पुटपुटले. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. शेजारची रायफल साधी, निम्म्या किमतीची.

काकांनी नळीकडे बघितलंच नाही. लाकडाची रेघ कुठून कुठे जाते ते बोटानं बघितलं, लोखंड आणि लाकूड मिळतं तिथे नख फिरवलं. मग म्हणाले, ताई, एक कागद द्या. मी पर्समध्ये हात घातला आणि हाताला लागला तो काढून दिला.

घडी जाड होते म्हणून त्यांनी तो उलगडला. ती यादीच होती. पगाराच्या शीटवर अकरा वर्षं सही केलेला माणूस, इंग्रजीत स्वतःचं नाव ओळखणारच.

“हे घरी पाठवायचे ना?” त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली.

त्यांनी कागद नळी आणि लाकडाच्या फटीत सरकवला. हरणाच्या रायफलीत तो अर्ध्यावर अडकला. साध्या रायफलीत शेवटपर्यंत गेला. अरबाब म्हणाले, बोलो चाचा. मी डोळ्यांनी खुणावत होते, छान म्हणा, अहो छान म्हणा.

“साब, ये मत लो,” काका म्हणाले. “लकडी कच्ची है. फुगलेला दरवाजा चौकट को घासता है ना, वैसी नली को ढकलेगी. गोली आडी जाएगी. वो सादी लो.”

विक्रेत्याचं तोंड पडलं. अरबाब मात्र मनापासून हसले, काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि साधी रायफल घेतली. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, सही झाली का. मी कागद पुढे केला. मी तोंड उघडणार, तर काका मराठीत म्हणाले, “राहू द्या ताई. त्यांना माहीत असेलच.” मलाही तसंच वाटलं. अरबाबनी रायफलीच्या खोक्यावर कागद ठेवून, न वाचता सही केली. खोकं हलू नये म्हणून काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

पंधरा दिवसांनी काका राजापूरला परत गेले.

जानेवारीत अरबाब शिकारीहून आले, नेम कसा अचूक लागला ते सगळ्यांना सांगत. रायफलीला कपाट करायचं होतं. चाचाला बोलवा म्हणाले. मी म्हटलं, ते गेले. छुट्टीवर? त्यांनी विचारलं. नाही, खलास, नोकरी संपली, मी म्हटलं. तुम्हीच सही केलीत. मी फाइल काढून पाचव्या नावावर बोट ठेवलं. ते नाव त्यांनी अडखळत दोनदा वाचलं.

“ये चाचा है?”

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा त्या नावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“तुमको मालूम था?”

नाव मीच तर टाइप केलं होतं.